प्रश्न विचारून थांबा

औंढा नागनाथच्या देवळातली विसोबा खेचरांची गोष्ट आपल्या हिंगोली जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पिंडीवर पाय टाकून पडलेल्या विसोबांना पाहून गुरूच्या शोधात आलेले नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, जिथं देव नसेल तिथं माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय जिथं जिथं ठेवले, तिथं तिथं पिंड उगवली. आपण ती चमत्काराची गोष्ट म्हणून सांगतो. मला तीत मास्तर दिसतो. देव सगळीकडे आहे, हे एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. विसोबांनी शिष्याला कामाला लावलं आणि स्वतः गप्प पडून राहिले.

वर्गात नेमकं हे गप्प राहणंच आपणा शिक्षकांना जमत नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, असं तिला १९७० च्या दशकात आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तेव्हा उत्तरं लांबली आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली.

आणि ते आपलं लाडकं ‘कळलं का?’ सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, गुरुजी पान उलटतात. कुणाला काय कळलं, देव जाणे!

वसमतकडच्या मुलांचं घर हळदीचं. पिवळा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. हळद म्हणजे रंग बदलून आम्लारी ओळखवणारा दर्शक. पण ‘दर्शक म्हणजे काय?’ विचाराल, तर पाठ केलेली ओळ मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘डाग लाल का झाला? त्यावर लिंबू पिळलं तर?’ आधी अंदाज वहीत लिहू द्या, मग पिळा. डाग पुन्हा पिवळा होतो. मग चुन्याच्या निवळीचं काय, हे बहुधा एखादी मुलगीच विचारेल.

आणखी एक. प्रश्न आधी विचारा, नाव मागून घ्या. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटतात. कुणी ‘माहीत नाही’ म्हणालं, तर दुसऱ्याचं उत्तर ऐकवून पुन्हा त्याच्याकडेच या: पटलं का? का पटलं?

कधी प्रश्न मुलंच विचारतील. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा होणार आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा कशासाठी, असं एखादं पोरगं विचारेल. तुम्हाला उत्तर येत नसेल, तर फळ्याच्या कोपऱ्यात तो प्रश्न लिहा आणि आठवडाभर पुसू नका.