गळाचा पीळ

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, हे महाशिवरात्रीच्या जत्रेला गेलेल्यांना ठाऊक असेल. मी तिथे जातो तो जत्रा पांगल्यावर, गळ घेऊन. तेव्हा ओढ मंदावलेली असते, खडकांच्या आड डोह उरतात आणि डोंग्यात बसून गळ थेट खाली सोडता येतो.

पण दोन हंगाम माझ्या गळाला काही लागेना. शेजारच्या डोंग्यातले ढिवर आजोबा मात्र तळहाताएवढे मासे टोपलीत टाकत. त्यांचा संध्याकाळचा स्वयंपाक त्यावर. माझी फक्त हौस. तरी मनाला लागायचे. माझ्याकडे चकचकीत रीळ, त्यांच्याकडे बांबूचे कांडे!

उलगडा झाला तो मिनेसोटातल्या भाच्यामुळे. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. निदान चार इंच बर्फ झाल्यावर त्यावर चालत जायचे, वीतभर रुंदीचे भोक पाडायचे आणि गळ सोडायचा. तव्यात मावतील एवढे छोटे मासे, म्हणून नाव पॅनफिश. या मासेमारीसाठी काही जण फ्लाय रीळ वापरतात. मुळात ते वाहत्या पाण्यात पिसांची खोटी माशी फेकण्यासाठीचे. मग बर्फात कशाला? कारण त्याची चकरी स्वतः फिरते आणि दोरा तिच्यावरून सरळ उतरतो.

माझ्या रिळात चकरी स्थिर. दोरा तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने ओघळतो. गुंडाळताना पडलेला पीळ सोडताना निघायला हवा. पण मासा ओढत असताना आपण हँडल फिरवत राहिलो, की दोरा आत येत नाही, नुसता पिळत जातो. एका फेरीला पाच-सहा पीळ. दूर फेकणाऱ्याला ते जाणवत नाही. सरळ लोंबणारा हलका गळ मात्र पीळ सोडत गरगरतो, आणि छोटा मासा जवळ येऊन, बघून, परत जातो. खोटे वाटत असेल तर घरी रिबिनीचे रीळ घ्या. एकदा ते फिरवून रिबीन काढा, एकदा टोकावरून ओढून काढा.

भाच्याने रीळ पाठवले. ते गुंडाळायला फार संथ आहे, हे खरे; खोल पाण्यात हात दुखेल. डोहाला चालते. आजोबांनी ते हातात घेऊन एकदा फिरवले.

“दोरा पिरगळला का गरी फिरते, गुरुजी. फिरत्या गरीले मासा तोंड नाही लावत.” आणि स्वतःचे कांडे दाखवले. आत काडी घातलेली. कांडे तिच्याभोवती फिरते, दोरा सरळ उतरतो. दोन वर्षे मी शेजारी बसून ते पाहिले नव्हते.

मग त्यांनी विचारले, “बरफात मासे मरत नाही काय जी?”

सांगितले की पाणी चार अंशाला सर्वांत जड असते, ते तळाशी राहते. बर्फ वर तरंगतो, खाली मासे जगतात.

“अन् भोक बुजत नाही?”

बुजते. वर सारखी पापडी धरते, ती काढायला झाऱ्यासारखे साधन असते.

आजोबा हसले. “म्हणजे मासा धरायच्या आधीच झारा!” आणि पुन्हा गरी सोडली.