नव्या इंजिनाची परीक्षा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पिंपळे गुरव येथे केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, मुलांना परीक्षेविषयी दोन शब्द सांगा. मी मास्तर नव्हे. आयटीआय केले आणि पुढची सारी वर्षे या पट्ट्यातल्या कारखान्यांत बॉयलरपाशी काढली. तेव्हा मला ठाऊक असलेली परीक्षा बॉयलरची. तिच्याविषयीच बोलतो. मात्र कारखान्यातला बॉयलर एका जागी उभा असतो, त्यात तुम्हाला गंमत वाटायची नाही. म्हणून चाकांवर चालणारा बॉयलर घेतो, म्हणजे आगगाडीचे वाफेचे इंजिन.

आपल्या कासारवाडी स्टेशनवरून लोकलने लोणावळ्याला जा, गाडी बदलून घाट उतरा, कर्जत ओलांडले की नेरळ येते. तिथून माथेरानची छोटी गाडी निघते. ती सुरू झाली २२ मार्च १९०७ रोजी. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. पैसा वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा. हे सर आदमजी गरिबीतून वर आले, लष्कराला तंबू पुरवून मोठे व्यापारी झाले, आणि मुंबईचे शेरीफ झाले. मुलाने डोंगरावर गाडी न्यायची म्हटले आणि बापाने सोळा लाख रुपये घातले. त्या काळचे सोळा लाख! आपल्यापैकी किती पालक मुलाच्या अशा खुळापायी गाठीचे पैसे काढतील, ते ज्याचे त्याने मनाशी पाहावे. असो.

या मार्गाची रुंदी अवघी दोन फूट आणि लांबी सुमारे २१ किलोमीटर. नेरळ समुद्रसपाटीपासून ४० मीटरवर, माथेरान ८०० मीटरच्या आसपास. बोरघाटात आपली मोठी गाडी ३७ फुटांना एक फूट चढते, आणि त्यासाठी मागून जादा इंजिन लावावे लागते. इथे २० फुटांना एक फूट! शिवाय वळणे इतकी आवळलेली की मागच्या डब्यातल्या माणसाला पुढचे इंजिन समोरून दिसावे.

या चढासाठी जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार इंजिने आणली. सहा चाके, तिन्ही आस जोडलेले. आता विचार करा. चाके जोडली नाहीत तर ओढ मिळत नाही, आणि तिन्ही आस घट्ट बसवले तर इंजिन वळणावर रूळ सोडते. मग त्यांनी काय केले? पुढचा आणि मागचा आस दुहेरी केला. आत भरीव आस, त्यावर बाहेरून पोकळ आस, आणि चाके त्या पोकळ आसाला. दोन्हींच्या मध्ये गोळ्याचा सांधा आणि एक पिन. ताकद पिनेतून जाते आणि चाके वळणाबरोबर स्वतः कलतात. क्लिन-लिंडनर नावाची ही रचना मी कागदावर पाहिली तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही. ही इंजिने सत्तर वर्षांहून अधिक त्या डोंगरावर राबली. ७४० क्रमांकाचे इंजिन तर आज ब्रिटनमध्ये आहे.

आता परीक्षा. नवे इंजिन तयार झाले की त्याला रंग फासून लगेच गाडी जोडत नाहीत. आधी बॉयलर काठोकाठ पाण्याने भरतात. आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग पंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब चढवायचा आणि थांबायचे. वाफेने ही परीक्षा का घेत नाहीत? वाफ दाबली जाते आणि सुटली की स्फोट करते. पाणी दाबले जात नाही, म्हणून कुठे चीर असली तर तिथून थेंब येतो, माणूस मरत नाही. हे पास झाले की विस्तव. पहिल्या दिवशी आग अगदी मंद ठेवायची. घाई केली तर पत्रा एका बाजूने फुगतो. मग वाफ पूर्ण दाबावर नेऊन सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतात का आणि जोरात विस्तव असतानाही दाब आवरतात का, ते पाहायचे.

मग रुळांवर. आधी एकटे इंजिन, सावकाश. दर थोड्या अंतरावर उतरून आसाच्या बेअरिंगला हाताचा मागचा भाग लावून पाहायचा. हात टिकला तर ठीक. मग रिकामे डबे, मग वजन भरलेले डबे, आणि माणसे सर्वांत शेवटी. डोंगरी मार्गावर आणखी एक गोष्ट असते. तीन मीटर लांबीचा बॉयलर वीसला एक अशा चढावर उभा केला की त्याच्या दोन टोकांच्या पाण्यात पंधरा सेंटीमीटरचा फरक पडतो. इंजिन उताराला तोंड करून उतरू लागले की पाणी पुढे सरकते आणि मागे भट्टीच्या छतावरचा पत्रा उघडा पडू शकतो. पाण्याखाली नसलेला पत्रा काही मिनिटांत लाल होऊन मऊ पडतो. म्हणून काचेतले पाणी सपाटीवर किती आणि चढावर किती, हे चाचणीतच नोंदवून ठेवतात. ब्रेकची खरी परीक्षाही उतारावरच. वर चढणारे इंजिन ताकद दाखवते, पण भरवसा ठेवायचा तो खाली नीट उतरणाऱ्यावर.

कोणी म्हणेल, हा जुना जमाना झाला. आपल्या चित्तरंजन कारखान्याने शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ साली बांधले, हे खरे. पण निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने या शतकात नवी वाफेची इंजिने बांधली. आणि इंग्लंडात ‘टोर्नेडो’ नावाचे इंजिन २००८ साली पुरे झाले. त्या जातीची ४९ इंजिने भंगारात गेली होती, एकही उरले नव्हते. सामान्य लोकांनी १९९० साली ट्रस्ट काढला आणि वर्गणी मागितली आठवड्याला एका बिअरच्या ग्लासाएवढी. आपण तिला चहाची वर्गणी म्हणू. अठरा वर्षे लागली आणि खर्च सुमारे तीस लाख पौंड. बॉयलर जर्मनीहून करून आणावा लागला. चाचणी झाली ग्रेट सेंट्रल या हौशी लोकांनी जपलेल्या मार्गावर. तिथली नेहमीची मर्यादा ताशी २५ मैल, चाचणीसाठी खास परवानगीने ६० मैल. आणि त्या वेळी इंजिन हिरवे चकचकीत नव्हते, करड्या अस्तराच्या रंगात होते. रंग पास झाल्यावर.

आता माझी गोष्ट. ती मी आजवर घराबाहेर सांगितली नाही. १९७९ साल, मी अप्रेंटिस. एका कारखान्यात बॉयलरच्या नळ्या बदलल्या होत्या आणि पाण्याची चाचणी माझ्याकडे दिली. काटा अर्धा तास जागचा हलता कामा नये, असा आमच्याकडे नियम. वीस मिनिटांनी काटा किंचित उतरला. फोरमन चहाला गेले होते. मी पंपाचे दोन दांडे मारले, काटा वर आला, आणि कार्डावर लिहिले : ठीक.

दुसऱ्या दिवशी विस्तव घातला. दुपारी नळीच्या तोंडाशी वाफ फुटली आणि आमच्या फायरमनचा हात कोपरापर्यंत भाजला. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “काटा किती उतरला होता?” मी म्हटले, “अर्धा घर.” ते म्हणाले, “मग अर्धा घर लिहायचे होतेस, बेटा. मी नळी पाहिली असती.” दुसरे काही नाही. तो हात पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. मी फोरमनना सांगितले, माझी सहा महिन्यांची वाढ गेली. अब्बांना कारण सांगायला मला आणखी वर्ष लागले.

पालकांना एक सांगतो. मुलाचे प्रगतिपुस्तक हातात आले की आपण आधी ओरडतो, मग वाचतो. त्यामुळे मुलगा पंपाचे दोन दांडे मारायला शिकतो. माझ्या अब्बांच्या रागाची भीती मला त्या दिवशी चाचांच्या हातापेक्षा मोठी वाटली होती.

ज्यांना या कामाची आवड असेल त्यांनी बॉयलर अटेंडंटच्या सरकारी परीक्षेची माहिती माझ्याकडून जरूर घ्यावी. दुसऱ्या श्रेणीचे प्रमाणपत्र आधी, पहिल्या श्रेणीचे नंतर. मुलींनीही विचारायला संकोचू नये.

आणि पावसाळा संपून नेरळची गाडी सुरू झाली की आठवी ते दहावीच्या मुलामुलींना घेऊन मी तिथे जाणार आहे. नेरळला जुने वाफेचे इंजिन ठेवले आहे, तिथे तासभर थांबू. नावे शिक्षकांकडे द्यावीत. डबा घरून आणावा, आणि एक वही आणावी.