डॉक्टर घडण्यापूर्वी : मानव्यविद्यांचे स्थान
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



माझ्या सेवेच्या आरंभीची एक चूक आज आपल्यापुढे मांडतो. क्षयरोगाचा एक रुग्ण औषधे अर्धवट सोडून निघून गेला. केसपेपरवर मी शेरा लिहिला : ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’ काही महिन्यांनी तो परतला, तेव्हा आजार बळावला होता. तो ऊसतोड कामगार होता. उपचार सहा महिन्यांचे आणि गळीत हंगामही जवळजवळ तेवढाच. मुकादमाकडून उचल घेतल्यावर टोळी सोडून मागे राहणे त्याला शक्य नव्हते. “कामाला कुठे जाता?” एवढे मी विचारले असते, तरी औषधांची सोय त्याच्या मुक्कामाजवळ करता आली असती. मला फुफ्फुसाचे ज्ञान होते. त्या माणसाच्या जगण्याचे नव्हते.

आपल्याकडे विद्यार्थी बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात जातो. प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचेच गुण मोजले जातात. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र मागे राहतात. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणापूर्वी पदवी घेण्याची पद्धत आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ मध्ये मानव्यविद्यांच्या पदवी-विद्यार्थ्यांना सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र व प्रवेशपरीक्षा यांच्या अटींविना प्रवेश देण्याचा उपक्रम सुरू केला. २००४ ते २००९ या काळातील अशा ८५ विद्यार्थ्यांची इतर ६०६ जणांशी केलेली तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात त्यांचे गुण काहीसे कमी होते. मात्र प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणात ते मागे पडले नाहीत.

विज्ञानाला पर्याय नाही, हे मी आवर्जून सांगतो. परंतु रुग्णाची हकिगत ऐकणे, तीत न सांगितलेले ओळखणे, हेही शिकावेच लागते. आणि कथा, कादंबरी, इतिहास यांच्या वाचनाने ती सवय जडते. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांना स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. मात्र ही मशागत त्याआधीच व्हावयास हवी.

देणगीदारांच्या औदार्यातून आलेल्या यंत्रांबद्दल आम्ही ऋणी आहोत. आज मात्र दोनच गोष्टी मागतो. विश्वस्तांनी केसपेपरवर ‘कामाचे स्वरूप व स्थलांतर’ असा एक रकाना वाढवावा. पालकांनी, डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या हातातील गोष्टीचे पुस्तक ‘अभ्यासाचे नाही’ म्हणून काढून घेऊ नये. कदाचित त्याच पुस्तकामुळे उद्या एखाद्या रुग्णाला योग्य प्रश्न विचारला जाईल.