पडद्याआडचे बटण



संगणकाच्या विषयाचा आरंभ तंजावूरच्या राजवाड्यापासून करणे कोणास विचित्र वाटेल. पण त्या परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळातील मराठी नाटकांची हस्तलिखिते आहेत. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ साली सांगलीस रंगले; त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षे शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) तंजावुरात मराठी नाटके रचीत होते. आपल्याकडे हे फारसे सांगितले जात नाही!

या नाटकांत पात्रे ‘दरू’ नावाच्या गीतांवर प्रवेश करतात. तंजावूरजवळच्या मेलट्टूर गावी भागवतमेळ्यात आजही दोघे जण पडदा आडवा धरतात आणि पात्र त्यामागे उभे राहते. प्रेक्षकांना ते दिसत नाही, पण गायकाचा शब्द त्याला ऐकू येत असतो. संगणकाच्या पडद्यावर लपवलेल्या बटणाचेही असेच असते. ते दिसेनासे केले म्हणजे संपले, असे नवशिके प्रोग्रामर धरून चालतात आणि तेथेच फसतात.

संकेतस्थळावर बटण लपवण्याच्या मुख्य रीती तीन. ‘डिस्प्ले नन’ केले की बटण मांडणीतूनच जाते. ‘व्हिजिबिलिटी हिडन’ केल्यास त्याची जागा राखलेली राहते, मात्र क्लिक त्याला मिळत नाही. ‘ओपॅसिटी’ शून्य केली तर बटण केवळ पारदर्शक होते. क्लिक त्यालाच मिळतो आणि टॅब दाबत गेल्यास कीबोर्डही तेथे पोहोचतो. भामटे या तिसऱ्या रीतीचा लाभ घेतात. दिसणाऱ्या बटणावर ते अदृश्य बटण पसरून ठेवतात. माणूस दाबतो एक, दाबले जाते दुसरेच. या फसवणुकीला २००८ पासून ‘क्लिकजॅकिंग’ हे नाव आहे.

प्रवेशअर्जातील ‘फोटो निवडा’ हे बटण पालकांच्या परिचयाचे आहे. फाइल स्वीकारणारा ब्राउझरचा मूळ घटक ओबडधोबड दिसतो, म्हणून तो लपवून पुढे सुबक बटण ठेवतात. ते दाबताच प्रोग्राम आतल्या घटकाला क्लिक पाठवतो आणि ‘डिस्प्ले नन’ असूनही तो फाइलींची खिडकी उघडतो. सूत्रधाराने पडद्याआड हाक द्यावी, तसेच हे!

परंतु पुष्कळदा पुढचे बटण खरे बटण नसून नुसते रंगवलेले लेबल असते. माउसने ते चालते. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर आणि कीबोर्ड वापरतो. त्याला लेबलवर थांबता येत नाही आणि आतला घटक तर मांडणीतून गेलेला. फोटोवाचून त्याचा अर्ज तेथेच अडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला, तरी असे अर्ज अजून भेटतात. वास्तविक उपाय सोपा आहे. मूळ घटक काढून न टाकता एका पिक्सेलएवढा करून ठेवावा आणि कीबोर्ड त्यावर पोहोचला की लेबलभोवती ठळक चौकट उमटवावी.

आपले माजी विद्यार्थी आज असे अर्ज तयार करीत असतील. अर्ज लोकांपुढे ठेवण्याआधी त्यांनी माउस बाजूला सारून केवळ टॅब दाबत शेवटपर्यंत जावे. वाटेत चौकट कोठे नाहीशी झाली, तर लपवलेले एखादे बटण तेथे वाट अडवून बसलेले असू शकते.