मोडक्या मोटारीचा हिशेब

नारळाला डोळे असतात, तो कधीं माणसाच्या डोक्यावर पडत नाहीं, असें कोंकणांतील वडीलधारी मंडळी मोठ्या विश्वासानें सांगतात. मोटारीच्या बाबतींत मात्र नारळाचे हे डोळे मिटलेले असावेत. मालवणांत किंवा देवबाग-तारकर्लीच्या वाटेवर एखाद्या आवारांत माडाखालीं उभी केलेली गाडी, वरून सुटलेला नारळ, चेपलेला पत्रा आणि तडकलेली कांच, हें दृश्य त्या भागांत कोणाला नवें नाहीं. मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळ हा किनारा घांसून उत्तरेकडे गेलें, तेव्हां तर नारळच काय, आख्खीं झाडें उन्मळून पडलीं. अशा वेळीं गाडीचा धनी मनाची समजूत घालतो, कीं चिंता नको, विमा उतरलेला आहे. आणि तें खोटेंहि नसतें. नारळ पडला तो अपघातच, आणि वादळ हें तर विमापत्रांत नांवानिशीं लिहिलेलें संकट आहे. येथपर्यंत कंपनीचाहि वाद नसतो. वाद सुरू होतो तो गाडी कारखान्यांत गेल्यावर, मोडलेल्या भागाच्या जागीं नवा भाग बसल्यावर आणि त्याच्या किंमतींतील थोडासाच भाग कंपनीनें देऊं केल्यावर.

कंपनीची बाजू प्रथम ऐकली पाहिजे, कारण ती अगदींच पोकळ नाहीं. विमा हा क्षतिपूर्तीचा करार आहे. अपघाताच्या आदल्या दिवशीं दारांत जी वस्तु उभी होती तिच्या मोलाइतकी भरपाई करण्याचें वचन कंपनीनें दिलेलें असतें. जुन्या वस्तूची नवी करून देण्याचें नव्हे. सात वर्षें वापरलेलें दार मोडलें आणि त्या जागीं कोरें दार आलें, तर धन्याला कांहीं अधिक मिळालें हें कबूल करावेंच लागतें.

ज्या किनाऱ्यानें शतकानुशतकें गलबतें पाहिलीं त्याला हा प्रश्न परका वाटूं नये, कारण तो मूळचा जहाजांचाच आहे. लांकडी जहाजाची दुरुस्ती झाली कीं इंग्लंडांतील विमेवाले नव्या कामाच्या खर्चांतून एक-तृतीयांश रक्कम कापून घेत. जुन्याच्या जागीं नवें मिळाल्याबद्दलची ती वजावट. पण त्या रिवाजांतहि तारतम्य होतें. नांगरावर वजावट नसे. सांखळदंडावर एक-षष्ठांशच असे. आणि पहिल्या सफरीवर निघालेल्या नव्या जहाजाला ही वजावट मुळींच लागूं होत नसे. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यांतहि दुरुस्तीच्या वाजवी खर्चांतून रूढ वजावट करण्याची तरतूद आहे. मोटारीच्या विम्यानें तत्त्व हेंच उचललें, तारतम्य मात्र वाटेंत कोठेंतरी सांडलें.

मोटारीच्या घसाऱ्याचा तक्ता १ जुलै २००२ पासून अमलांत आलेल्या इंडिया मोटर टॅरिफमध्यें होता. पुढें १ जानेवारी २००७ पासून हप्त्याचे दर खुले झाले, तरी हा तक्ता साध्या विमापत्रांतून चालतच आला. त्याचें स्वरूप असें : रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांची निम्मी किंमत कापावयाची, फायबर-ग्लासच्या भागांची तीस टक्के, कांचेची कांहींच नाहीं. बाकी सर्व भागांना गाडीच्या वयाप्रमाणें घसारा. पहिल्या सहा महिन्यांत शून्य, वर्षापर्यंत पांच टक्के, दोन वर्षांपर्यंत दहा, तीनपर्यंत पंधरा, चारपर्यंत पंचवीस, पांचपर्यंत पस्तीस, दहापर्यंत चाळीस आणि त्यापुढें पन्नास.

आंकडे नुसते ऐकून कानावरून जातात. एक हिशेब मांडलेला बरा. समजा, मालवणांतील एका कुटुंबाची सव्वादोन वर्षें वयाची लहान मोटार समोरून झाडावर आदळली. पुढचा बंपर १०,००० रुपये, पुढचा एक दिवा ७,०००, बॉनेट १६,०००, समोरची कांच ८,०००, रंगकाम १२,००० आणि मजुरी ६,०००. कर बाजूला ठेवले तर बेरीज ५९,००० होते. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून ५,००० गेले. दिव्याचे ३,५०० गेले. बॉनेट पत्र्याचें, त्याचे पंधरा टक्क्यांप्रमाणें २,४०० गेले. रंगकामाचें बिल एकत्र असलें, तर त्याचा चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात व त्याचा निम्मा कापतात. येथें १,५०० रुपये. कांच आणि मजुरी यांना हात लागत नाहीं. वजावट झाली १२,४०० रुपयांची. त्याशिवाय दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीच्या प्रत्येक दाव्यांत पहिले १,००० रुपये विमेदारानें सोसावयाचे असतात. कंपनी देणार ४५,६०० आणि घरचे जाणार १३,४००. घरांतील मंडळी म्हणतात, फसवणूक झाली. खरें पाहतां फसवणूक झालेली नसते. कागद वाचलेला नसतो.

पण हिशेब नीट पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. एकूण १२,४०० च्या घसाऱ्यापैकीं ८,५०० एकट्या प्लॅस्टिकनें खाल्ले आहेत, आणि प्लॅस्टिकचा घसारा वय विचारीत नाहीं. गाडी दुकानांतून आणल्याच्या आठव्या दिवशीं बंपर फुटला तरी त्याची निम्मी किंमत धन्याच्याच अंगावर. दिव्याची तर आणखी गंमत. घरोघर ज्याला दिव्याची कांच म्हणतात ती हल्लींच्या मोटारींत बहुधा कांचेची नसतेच, पारदर्शक प्लॅस्टिकची असते. कांचेला घसारा नाहीं हें वाचून निश्चिंत झालेल्या माणसाला ही गोष्ट बिल हातीं पडल्यावर कळते.

आतां हाच तक्ता मालवणच्या किनाऱ्यावर ठेवून पाहावा. तेथल्या खाऱ्या वाऱ्याशीं ज्यांचा संसार आहे त्यांना खिडकीच्या गजांचें, सायकलीच्या सांखळीचें आणि बिजागऱ्यांचें काय होतें तें सांगावयास नको. पावसाळ्याचे चार महिने आणि वर्षभराची खारी हवा मिळून लोखंडाला आंतून पोखरतात. याच हवेंत प्लॅस्टिकचा बंपर वर्षानुवर्षें गंजाशिवाय राहतो. उन्हानें तो फिका पडेल, पण मीठ त्याचें कांहीं वांकडें करूं शकत नाहीं. तक्त्याचा न्याय मात्र उलटा आहे. जें समुद्रापुढें टिकतें त्याचें मोल पहिल्या दिवसापासून अर्धें, आणि जें समुद्र खातो तें सहा महिनेपर्यंत पूर्ण मोलाचें! या तक्त्याला गाडीचें वय कळतें, तिचें गांव कळत नाहीं. सोलापूरच्या कोरड्या हवेंतील पत्रा आणि देवगडच्या खडकावरील पत्रा त्याच्या लेखीं सारखेच म्हातारे होतात.

हा उलटा न्याय एका परीनें किनाऱ्यावरील माणसाच्या पथ्यावर पडावयास हवा, कारण लोखंड लवकर झिजूनहि त्याचा घसारा इतरांइतकाच. पण येथेंच खरें भांडण उभें राहतें. पाहणीला आलेला सर्व्हेयर दाराखालचा तांबूस डाग दाखवून म्हणतो, हा भाग आधींच गंजलेला होता. गंज आणि झीज विम्यांत येत नाहीं. शब्दशः त्याचें म्हणणें खरें असतें, कारण झीज व घसारा विमापत्रांत वगळलेलेच असतात. परंतु येथें दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. जो भाग गंजानें आधींच भोंक पडून निकामी झाला होता आणि ज्याला अपघाताचा धक्काहि लागला नाहीं, त्याची किंमत मागणें हा धन्याचा आगाऊपणा. उलट, जो भाग काम देत होता व अपघातानेंच मोडला, त्याच्या झिजेबद्दल वयाप्रमाणें ठरलेली टक्केवारी एकदां कापून घेतल्यावर गंजाच्या नांवानें पुन्हां कापणें म्हणजे एकाच झिजेची किंमत दोनदां वसूल करणें होय. अशा वेळीं वजावटीचा आधार विमापत्राच्या कोणत्या कलमांत आहे, हें लेखी विचारावें. तोंडी वादांत धनी बहुधा हरतो, कारण सर्व्हेयर रोज वाद घालतो आणि धनी जन्मांत एकदोनदां.

दुसरें भांडण भाग बदलावयाचा कीं ठोकून सरळ करावयाचा याचें. कारखानदाराला बदलण्यांत लाभ, कंपनीला ठोकण्यांत. विमापत्राच्या शर्तीप्रमाणें दुरुस्ती करून द्यावी, भाग बदलून द्यावा कीं रोख रक्कम द्यावी, हें ठरविण्याचा हक्क कंपनीकडे असतो. धन्याला तो सहसा ठाऊक नसतो. पण त्याच शर्तींत दुरुस्तीचा किंवा बदलाचा 'प्रत्यक्ष आणि वाजवी' खर्च द्यावयाचा असेंहि म्हटलेलें आहे, आणि वाजवी या शब्दाला किनाऱ्यावर स्वतःचा अर्थ आहे. ठोकलेल्या पत्र्याचा मूळचा संरक्षक लेप निघून जातो. कोरड्या मुलुखांत असा पत्रा बरींच वर्षें निभावेल. खाऱ्या हवेंत ठोकलेल्या जागेवरच गंज आधीं धरतो. कारखान्याकडून तसें लिहून घेऊन तें सर्व्हेयरला दिल्यास म्हणण्याला वजन येतें.

भाग मूळ कंपनीचा कीं बाजारांतला, हा तिसरा वाद. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार-उत्पादकांना मिळून सुमारें अडीच हजार कोटि रुपयांचा दंड ठोठावला, तो मुख्यतः याचसाठीं, कीं मूळ सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारांतील स्वतंत्र कारागिरांच्या हातीं पडूं दिली जात नव्हती. पुढें अपिलांत, डिसेंबर २०१६ मध्यें, तीन कंपन्यांपुरता दंड बराच खालीं आला, तरी दोष कायम राहिला. लहान गांवांतील धन्याची अडचण या निकालांत नेमकी दिसते. मूळ भाग हवा तर मोठ्या गांवचा अधिकृत कारखाना गांठावा लागतो, आणि मोडलेली मोटार ओढून नेण्याच्या खर्चाला साध्या विमापत्रांत १,५०० रुपयांची मर्यादा असते. कुडाळ-कणकवलीपर्यंत तेवढ्यांत कदाचित् भागेल. घाट चढून कोल्हापूर गांठावयाचें म्हटलें तर तेवढ्यांत भागणें कठीण.

बदललेल्या जुन्या भागाच्या भंगाराचा प्रश्न लहान, पण बोचणारा. त्याची किंमत कंपनी दाव्यांतून कापते किंवा तें स्वतः घेऊन जाते. ज्या बंपरची निम्मी किंमत धन्यानें सोसली त्याचें सगळें भंगार कंपनीचें कां, हा प्रश्न विचारण्यांत कांहीं गैर नाहीं.

पाण्याचा वाद या सर्वांहून महाग. किनाऱ्यावरील पुळणींत भरतीच्या पाण्यानें वेढलेली किंवा पुरांत बुडालेली मोटार किल्ली फिरवून चालूं करण्याचा मोह आवरत नाहीं. इंजिनांत शिरलेलें पाणी दाबलें जात नाहीं, आणि आंतील दांडे वांकतात. कंपनी म्हणते, पूर आम्हांला मान्य, पण इंजिन पुरानें मोडलें नाहीं, किल्लीनें मोडलें; हें आनुषंगिक नुकसान, तें विम्यांत नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यांत चिपळूण पाण्याखालीं गेलें, तेव्हांपासून कोंकणांत तरी हें सर्वांना पाठ असावयास हवें : बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवूं नये, ती ओढूनच न्यावी. इंजिनासाठीं वेगळें पुरवणी-संरक्षण मिळतें. तसेंच, कारखान्यांत 'झिरो डेप' म्हणून ओळखलें जाणारें शून्य घसाऱ्याचें संरक्षणहि अधिक हप्ता भरून घेतां येतें, आणि वरच्या हिशेबांतील बराचसा घसारा त्यानें वांचतो. मात्र गाडीच्या वयाची आणि वर्षांतील दाव्यांच्या संख्येची मर्यादा त्याला बहुधा असते, आणि टायर व बॅटरी पुष्कळदां बाहेर राहतात.

एवढें करूनहि न पटलें तर? सर्व्हेयरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ मध्यें एका ट्रकच्या दाव्यांत स्पष्ट सांगितलें आहे. महत्त्वाचा पुरावा खरा, पण खोडतां न येणारा नव्हे. 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली' अशा छापील पावतीवर सही झाली म्हणजे सर्व दरवाजे बंद झाले असेंहि नाहीं. सही दडपणाखालीं किंवा फसवून घेतली असें दाखवितां आलें तर तक्रार टिकते, असा त्याच न्यायालयाचा १९९९ चा निर्णय आहे. तरीहि सही करतांना 'हरकत राखून' एवढे दोन शब्द स्वतःच्या हातानें लिहिणें सोपें. त्यासाठीं मोडलेल्या भागांचीं छायाचित्रें, कारखान्याचा मूळ अंदाज आणि सर्व्हेयरनें नाकारलेल्या भागांची यादी जवळ असावी लागते, आणि नाकारलेला भाग निकाल लागेपर्यंत फेंकून देऊं नये.

पहिली तक्रार कंपनीकडेच करावी लागते. महिन्यांत उत्तर आलें नाहीं किंवा आलेलें पटलें नाहीं, तर वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जातां येतें. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरी वाट ग्राहक आयोगाची, दोन वर्षांच्या मुदतीची. २० जुलै २०२० रोजीं अमलांत येऊं लागलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यांत दाद मागण्याची मुभा दिली आहे. कंपनीची कचेरी मुंबईस असो कीं दिल्लीस, मालवणच्या माणसानें आतां सिंधुदुर्गनगरीपर्यंत गेलें तरी पुरे.