पिसांची ऊब

भिजलेले घोंगडेसुद्धा थोडीबहुत ऊब देते. पण बदकाच्या पिसांची झोपण्याची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग, एकदा भिजली की संपले! कारण ऊब पिसांत नसते, पिसांनी अडवून धरलेल्या हवेत असते. ओली पिसे गोळा होतात, हवा निघून जाते, आणि हिमालयात ४,००० मीटरवरची रात्र जिवावर बेतते. म्हणून पिशवी जाड प्लॅस्टिकमध्ये घालावी, त्याचे तोंड पिळून घट्ट बांधावे आणि मगच ती सॅकमध्ये ठेवावी. सॅकवरच्या खोळीवर विसंबू नये. पाणी पाठीकडून शिरते. निजताना नाक-तोंड बाहेर असू द्या. श्वासातही ओल असतेच. सकाळी ऊन पडले की पिशवी पसरा. वाटेत आपण भिजलो तर चालेल हो, पिशवी भिजता कामा नये!