तपासणीची वेळ कोणाच्या हाती?

(वसंत व्याख्यानमालेत बेंगळुरू येथे दिलेलं व्याख्यान)



बेंगळुरूला समुद्र नाही, पण बंदर आहे. देशातला पहिला इनलँड कंटेनर डेपो, म्हणजे किनाऱ्यापासून दूरचं कोरडं बंदर, १९८१ साली याच शहरात सुरू झाला. आज तो व्हाइटफील्डला आहे. चेन्नईच्या धक्क्यावर उतरलेला कंटेनर सील न तोडता रेल्वेनं इथं येतो आणि त्याचं सगळं कस्टम इथंच होतं. दुसरं दार देवनहळ्ळीचं, २४ मे २००८ला सुरू झालेल्या केंपेगौडा विमानतळाचं. आत येतात चिप्स, यंत्रांचे सुटे भाग, इस्पितळांची उपकरणं. बाहेर जातात गुलाब, आंबे, औषधं. आणि दोन्ही दिशांनी आपली माणसं.

या दोन्ही दारांवर कस्टमची तपासणी असते. ती मोबाइलवरून वेळ ठरवून व्हावी का, हा आजचा विषय. मी क्लिअरिंगच्या धंद्यातला माणूस आहे, तेव्हा माझं मत आधीच सांगतो. व्हावी, आणि लवकर व्हावी. पण अ‍ॅपवर दिसणारी वेळ जितकी पक्षकारावर बंधनकारक असेल तितकीच ती कार्यालयावरही असली पाहिजे. तसं झालं नाही तर आपण फक्त खिडकीसमोरची रांग उचलून फोनमध्ये नेलेली असेल.

आधी आजची रीत सांगतो. आयातदार किंवा त्याचा कस्टम्स ब्रोकर आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, भरतो. डिसेंबर २००५पासून रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आमच्या बोलीत आरएमएस, ठरवते की कोणता माल तसाच सोडायचा, कोणाचे कागद बघायचे आणि कोणता माल उघडायचा. कागद बघण्याच्या कामात मोठा बदल झाला तो ८ जून २०२०ला, आणि त्यासाठी निवडलेली पहिली दोन शहरं होती बेंगळुरू आणि चेन्नई. फेसलेस असेसमेंट, म्हणजे अधिकारी आणि आयातदार यांनी एकमेकांचं तोंड न पाहता केलेली आकारणी. सुरुवात झाली टॅरिफच्या ८४ आणि ८५ या प्रकरणांतल्या मालापासून, म्हणजे यंत्रं आणि विजेची उपकरणं. बेंगळुरूचं पोट भरणारा आयातीचा धंदाच तो. त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत ही पद्धत देशभर पोचली. इथल्या मालाचे कागद आता दुसऱ्या शहरातला अधिकारी तपासू शकतो. ओळखीचा साहेब, त्याच्या टेबलाशी घुटमळणं, हे सगळं त्यामुळे कमी झालं. हा बदल चांगला होता, असं मी मनापासून म्हणतो.

पण खोकं फेसलेस उघडता येत नाही. ते इथंच, शेडमध्येच, माणसाच्या हातानं उघडावं लागतं. माल आल्याची नोंद आता ऑनलाइन करता येते, तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात टॅबलेट असतो, अहवाल तो मालाजवळ उभा राहून भरू शकतो. मात्र ‘उद्या सकाळी साडेदहाला तुमचा माल पाहू’ असं बांधील उत्तर आयातदाराला हक्कानं मिळत नाही. ब्रोकरचा माणूस सकाळी शेडवर जातो आणि थांबतो. साहेब दुसऱ्या पार्टीकडे असतात. साहेब येतात तेव्हा गोदामवाल्यानं पॅकेज रॅकवरून उतरवलेलं नसतं. पॅकेज समोर येतं तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली असते. यात कोणी एक दोषी असतो असं नाही. तिघांची वेळ जुळवायची जबाबदारी कोणावरच नाही, हे खरं दुखणं आहे.

केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं २०२३मध्ये देशपातळीवर मालाच्या सुटकेचा वेळ मोजला. विमानानं आलेल्या आयातीला सरासरी सुमारे ४४ तास लागत होते. ठरवलेलं लक्ष्य २४ तासांचं आहे. कोरड्या बंदरांवर सरासरी ७० तासांच्या वर होती, लक्ष्य ४८चं. या तासांचं खापर एकट्या कस्टमवर फोडणं अन्यायाचं होईल. कागद उशिरा भरणारा आयातदार त्यात आहे, शुल्क शेवटच्या क्षणाला भरणारा आहे, सुटलेला माल न्यायला गाडीच न पाठवणाराही आहे. पण जो माल तपासणीला लागतो त्याचे तास वाट पाहण्यात जातात, आणि त्या वाट पाहण्याचा हिशेब कुठंच लिहिला जात नाही.

आता थोडं जवळून पाहू या. चिप्सचं एक खोकं आहे. पुठ्ठा काढला की आत चंदेरी पिशवी, हवा ओढून सीलबंद केलेली. तिच्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या असतात आणि एक छोटं कार्ड असतं, ज्यावरचे ठिपके दमट हवा लागली की रंग बदलतात. ही पिशवी फाडली की त्या क्षणापासून मोजणी सुरू होते. ठरावीक तासांच्या आत त्या चिप्स बोर्डावर बसवायच्या, नाहीतर भट्टीत घालून तासन्‌तास वाळवायच्या. न वाळवता वापरल्या तर सोल्डरिंगच्या उष्णतेनं आतला ओलावा फुगतो आणि चिप तडकते. अधिकाऱ्याला पाहायचं काय असतं? पार्ट नंबर, संख्या, कोणत्या देशात बनलं. बहुतेक वेळा हे सगळं पिशवीच्या लेबलावरच छापलेलं असतं. संशय असेल तर पिशवी उघडावीच लागेल, आणि तो त्याचा अधिकार आहे. पण तेव्हा कंपनीचा जाणकार माणूस पुन्हा सील करण्याचं यंत्र घेऊन शेजारी उभा हवा. वेळ ठाऊक असेल तर तो येईल. ‘आज कधीतरी’ या उत्तरावर कोणती कंपनी आपला इंजिनिअर दिवसभर शेडमध्ये बसवून ठेवील? मग तो नसताना पिशवी फाटते, पावसाळ्यात फाटते, आणि लाखोंचा माल विम्याच्या भांडणात अडकतो.

गुलाबांचं त्याहून नाजूक. होसूर आणि दोड्डबळ्ळापूरकडची फुलं असोत की आपल्या तळेगाव दाभाड्याची, व्हॅलेंटाइनच्या आधीचे थोडेच दिवस त्यांचे असतात. शेतातून निघाल्यापासून ती थंडीतच राहिली पाहिजेत. उघड्या शेडमध्ये खोकं फोडून ठेवलं तर कळी तिथंच उमलायला लागते, आणि परदेशी ग्राहकाला हवी असते मिटलेली कळी. शीतगृहाच्या आतच, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटांत पाहून खोकं पुन्हा बंद होणार असेल तर तपासणीला कोणता फूलवाला नाही म्हणेल?

प्रवाशांकडे वळतो. नोव्हेंबर २०१९मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ‘अतिथी’ नावाचं अ‍ॅप सुरू केलं. परदेशाहून येणाऱ्यानं आपल्याजवळच्या शुल्कपात्र वस्तूंची माहिती विमानात बसण्याआधीच त्यावर भरावी, ही कल्पना. ती योग्यच आहे. पण अ‍ॅप तिथंच थांबतं. ते फॉर्म घेतं, वेळ देत नाही. आणि वेळेची खरी गरज जाणाऱ्याला जास्त असते. नातवाच्या मुंजीला अमेरिकेला निघालेली आजी पाटल्या, तोडे, जुना लक्ष्मीहार घेऊन जाते. परत येताना हे सोनं तिथं विकत घेतलेलं नाही हे सिद्ध करता यावं म्हणून निघतानाच कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं, असं खुद्द कस्टमच सांगतं. पण आपली बहुतेक लांबची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्या वेळी अधिकारी शोधायचा, दागिने उघडून दाखवायचे, वर्णन लिहून घ्यायचं, आणि इकडे बोर्डिंगची घोषणा सुरू. म्हणून बहुतेक जण सर्टिफिकेट न घेताच जातात आणि येताना धास्तावतात. हेच काम आधीच्या आठवड्यात, दिवसाउजेडी, शहरातल्या कार्यालयात वेळ घेऊन व्हायला काय हरकत आहे? विमानतळावर फक्त दागिने यादीशी ताडून पाहायचे.

परदेशातली नोकरी आटोपून इकडे परतणारी कित्येक मराठी कुटुंबं पुण्याइतकीच बेंगळुरूतही उतरतात. त्यांचा संसार कंटेनरनं व्हाइटफील्डला येतो. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची, म्हणजे मुक्काम हलवणाऱ्यांना मिळणारी शुल्काची, सवलत घ्यायची तर पासपोर्टावरचे मुक्कामाचे दिवस दाखवावे लागतात आणि तपासणीला स्वतः जावं लागू शकतं. नवी नोकरी लागलेली, मुलांची शाळा सुरू झालेली, आणि रजा नेमकी कोणत्या दिवसाची टाकायची हे ठाऊक नाही. अशा माणसांना एक तारीख आणि एक तास सांगणं सरकारला अवघड नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. वेळ आधी कळली तर चोराला तयारी करता येईल. मी या आक्षेपाचा आदर करतो. पण नीट पाहा, तपासणी होणार की नाही हे वेळेच्या निवडीनं ठरत नाही. ते आरएमएस ठरवते, आणि तपासणी होईपर्यंत आलेला माल कस्टमच्या ताब्यातच असतो. त्याला पाय फुटू शकत नाहीत. आयातदारानं तास निवडावा, अधिकारी मात्र त्यानं निवडू नये. अधिकारी यंत्रणेनं आयत्या वेळी चिठ्ठी काढल्यासारखा नेमावा. गुप्त बातमीवरून होणारी झडती या व्यवस्थेच्या बाहेरच राहील. ३ मार्च २०२५ला याच केंपेगौडा विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयानं दुबईहून आलेल्या एका चित्रपट अभिनेत्रीकडून १४ किलोंहून जास्त सोनं पकडलं. त्या प्रकरणात आरोप झाला तो राजशिष्टाचाराच्या वाटेनं तपासणी चुकवल्याचा. पळवाट ओळखीपाळखीतून निघते, नोंदवलेल्या वेळेतून नव्हे. नोंद मागे माग ठेवते: कोण आलं, कोणी पाहिलं, किती वाजता सोडलं.

जगात हे कुठं झालं आहे? अमेरिकेच्या कस्टम खात्यानं २०२०मध्ये ‘सीबीपी वन’ हे अ‍ॅप काढलं, आणि त्याच्या पहिल्या उपयोगांत नाशवंत मालाच्या तपासणीची वेळ मागणं होतं. पुढं २०२३पासून त्याच अ‍ॅपवर मेक्सिकोच्या सीमेवर आश्रय मागणाऱ्यांना वेळा दिल्या जाऊ लागल्या. २० जानेवारी २०२५ला सरकार बदललं, आणि हजारो लोकांच्या पुढच्या तारखा त्याच दिवशी रद्द झाल्या. महिनोन्‌महिने वाट पाहून मिळालेली वेळ फोनवरून पुसली गेली. स्थलांतराच्या राजकारणात मी शिरत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की ज्या वेळेमागे कायदा नसतो ती वेळ ही केवळ मेहेरबानी असते.

आपल्याकडे पश्चिम बंगाल सरकारनं २०२२मध्ये बांगलादेशच्या सीमेवर ‘सुविधा’ नावाची व्यवस्था आणली. पेट्रापोलच्या सीमानाक्यावर जाणारे निर्यातीचे ट्रक बनगावच्या पार्किंगमध्ये आठवडेच्या आठवडे खोळंबत. आता फी भरून ऑनलाइन स्लॉट घेता येतो. म्हणजे ट्रकला वेळ देता येते. पासपोर्टचं तर उदाहरण आपल्या दारातलं. २०१०मध्ये पासपोर्ट सेवा प्रकल्पाची चाचणी बेंगळुरू आणि चंदीगड इथल्या कार्यालयांपासून सुरू झाली. त्याआधीच्या पहाटेच्या रांगा तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असतील. तेव्हाही ‘भारतात वेळ पाळतं कोण’ असं म्हणणारे होतेच. आज पासपोर्टला ठरल्या तासाला जायचं असतं, याचं कोणाला नवलही वाटत नाही.

आता कायद्याचं. कस्टम्स अ‍ॅक्टच्या कलम ४६प्रमाणे बिल ऑफ एंट्री साधारणपणे माल येण्याच्या आदल्या दिवशी संपेपर्यंत भरायचं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार. हे मला मान्य आहे, शिस्त हवीच. पण तपासणीला दोन दिवस उशीर झाला तर? डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, तेही आयातदारानंच भरायचं. घड्याळ एकाच्याच मनगटावर बांधलेलं आहे. दुसऱ्या मनगटावर ते कसं बांधायचं हे शोधायला लांब जायला नको. कर्नाटकानं २०११मध्ये ‘सकाल’ कायदा केला. दाखला ठरल्या मुदतीत दिला नाही तर अर्जदाराला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, आणि तेही जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून. महाराष्ट्रानं २०१५मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा केला. सकालमधली रक्कम लहान आहे, पण उशिराला नाव मिळालं, नोंद मिळाली. कस्टम हे केंद्राचं खातं असल्यानं हे राज्यांचे कायदे तिथं लागत नाहीत. तेच तत्त्व कस्टम्स अ‍ॅक्टमध्ये यायला हवं.

त्यात फार काही नको. तपासणीला लागलेल्या प्रत्येक मालाला तारीख आणि तास. गोदामवाल्यानं त्याआधी पॅकेज मांडून ठेवणं. ब्रोकर न आल्यास त्याची पाळी मागे. अधिकारी न आल्यास कारण अ‍ॅपवर लेखी, आणि त्या काळाचं डेमरेज माफ. नाशवंत मालाला वेगळी रांग. आणि हे अ‍ॅप कन्नड, मराठी, तमिळमध्येही, कारण निरोप वाचणारा शेवटी ट्रकचा चालक असतो.

या सभागृहात सॉफ्टवेअरची माणसं आहेत, आयात-निर्यात करणारे आहेत, लघुउद्योजक आहेत. प्रत्येक कस्टम कमिशनरेटमध्ये परमनंट ट्रेड फॅसिलिटेशन कमिटी असते आणि व्यापारी संघटनांना तिथं मुद्दे मांडता येतात. तुमच्या संघटनेमार्फत पुढच्या बैठकीसाठी हा मुद्दा लेखी द्या. सोबत तुमच्या मालाचे स्वतः टिपलेले तास जोडा: नोंद कधी केली, तपासणी कधी झाली, सुटका कधी मिळाली. फेसलेस असेसमेंटची सुरुवात या शहरापासून झाली होती. ठरलेल्या वेळेच्या तपासणीचा पहिला प्रयोगही बेंगळुरूतच करावा, अशी मागणी त्या पत्रात स्पष्ट शब्दांत करा.